एकतीस घरांचं बेट

३ मार्च, शनिवार

ही वही लायब्ररीतल्या पेइशाननं दिली. "माक, यात बेटाच्या आठवणी लिहा," म्हणाली. आम्हा म्हाताऱ्यांना सगळे माक नि पाक म्हणतात, म्हणजे आई नि बाबा. आठवणी डोक्यात आहेत, त्या कागदावर कशाला? मी चौथीपर्यंत शिकले. तेवढं अक्षर बाजाराच्या यादीला पुरतं. पण कोरी वही फुकट घालवायची नाही. रोजचं काय ते लिहीन.

तर, आमच्या ब्लॉकखालच्या लायब्ररीत महिनाअखेर प्रदर्शन आहे. विषय आमचं तेरितिप बेट. पंच्याहत्तर साली सरकारनं सगळ्यांना उचलून इकडं शहरातल्या फ्लॅटमध्ये आणलं. बेटावर आता तेलाच्या टाक्या आहेत, जाऊ देत नाहीत. पेइशान हॉलच्या फरशीवर बेटाचा नकाशा अंथरणार, बस मावेल एवढा. ज्यानं त्यानं येऊन आपलं घर ठेवायचं. पाक सरिप, बेटावरचाच, लाकडाची मुठीएवढी घरं करून देणार आहे. त्याला नाहीतरी काय काम आहे? ब्याऐंशी वर्षांचा, दिवसभर खाली बसून मांजरांशी भांडतो.

मी म्हटलं, हे सगळं उगाच आहे. फोटो लावा, चहा पाजा, संपवा.

तरी घरी येऊन बोटांवर घरं मोजली. तीस आली. परत मोजली. एकतीस.

५ मार्च, सोमवार

सकाळपासून फोन. माझी लेक नोरिता म्हणते, "आई, तू तर नको म्हणत होतीस." नकोच आहे. पण पेइशान शोधत बसली तर तिला पाच माणसं मिळतील. तिला कोण ओळखतं? सतरा घरांचे पत्ते दुपारपर्यंत काढले. एक जण टॅक्सी चालवतो, एक जण शाळेत पहारेकरी आहे, एक बाई थेट समोरच्या इंडोनेशियात, बातामला राहते. सगळे येतो म्हणाले. घसा बसला.

जुरियाला फोन केला नाही. समोरच्याच ब्लॉकमध्ये राहते, सहाव्या मजल्यावर. पाक सरिपला म्हटलं, तू सांग.

"तूच सांग की. खिडकीतून हाक मारलीस तरी ऐकू जाईल."

"तू सांगतोस का मी तुझ्या मांजरांना सांगू?"

सांगतो म्हणाला.

१० मार्च, शनिवार

आज काय गोंधळ झाला! मला अजून हसू येतंय.

बावीस माणसं आली. पेइशाननं नकाशा पसरला, जुन्या सरकारी कागदावरून मोठा करून घेतलेला. माणसं दारातून आत आली आणि कागदाभोवती वाकली. मग एकदम सगळी बोलायला लागली. घरं उचलली, पटापट ठेवली. हे माझं, हे मामाचं, इथं शाळा, इथं नमाजाची जागा. अर्ध्या तासात चौदा घरं लागली.

पेइशान बेटाचा जुना फोटो हातात घेऊन माझ्याकडं आली. माझ्या कानात म्हणाली, "माक, सगळ्यांनी घरं समुद्रात ठेवलीत."

खरंच. सहा पाण्यात, बाकीची तिवरांच्या चिखलात. चौदाच्या चौदा चुकली, आणि आपसात मात्र बरोबर! याचं घर त्याच्या डावीकडं, त्याचं विहिरीच्या मागं, सगळं ठीक. फक्त बेट उलटं.

ती बिचारी उत्तर-दक्षिण समजावायला लागली. आम्हाला कसली उत्तर? आमच्या बेटाला डोकं आणि शेपूट. होडीचा धक्का म्हणजे डोकं, तिवरं म्हणजे शेपूट. माणूस बेटावर यायचा तो धक्क्यावरूनच यायचा. आज सगळे लायब्ररीच्या दारातून आले, म्हणजे दार हाच धक्का झाला. तिनं धक्का त्या टोकाला, खिडकीखाली ठेवलेला.

"पोरी, माणसं फिरवू नकोस, कागद फिरव," मी म्हटलं.

"पण माक, नकाशात उत्तर वर असते."

"तुझी उत्तर कोणी मागितली?"

घरं काढली, चौदा जणांनी कागदाच्या कडा धरल्या आणि बेट गरकन फिरवलं. धक्का दाराशी आला. पाक सरिप दारातून बाहेर गेला, परत आत आला, म्हणाला, "हां. आता उतरलो."

११ मार्च, रविवार

कालचं हसू संपलं. रात्री घरी जाऊन लोकांनी विचार केला आणि आज नऊ जणांनी आपलं घर धक्क्याशेजारी सरकवलं. धक्क्याशेजारी जागा तिघांचीच. एकजण तर म्हणाला, आमच्या व्हरांड्यातून होडी पकडता यायची. त्याच्या व्हरांड्यातून फक्त संडास दिसायचा, मला माहीत आहे.

मी फळ्याकडं गेले आणि सांगितलं, पेइशान, लिही. एका घराला दोन साक्षीदार. साक्षीदार त्या घरातला नको. डोळ्यांनी बघितलेलं पाहिजे, ऐकलेलं चालणार नाही. आणि घर शेवटच्या वर्षी जिथं होतं तिथंच. दोन साक्षी झाल्या की घर चिकटेल आणि माणसांची नावं भिंतीवर लागतील. नाही झाल्या तर जागा कोरी.

"फार कडक होतंय का?" पेइशाननं विचारलं.

"कडक नको तर मग व्हरांड्यातून होड्या पकडा," मी म्हटलं.

लिहिलं तिनं. संध्याकाळपर्यंत नऊपैकी आठ घरं मुकाट मागं गेली.

१४ मार्च, बुधवार

सतरा झाली. पाय सुजलेत. मजा येतेय, हे मात्र नोरिताला सांगायचं नाही.

१७ मार्च, शनिवार

जुरिया आली. तिचा मुलगा हामदान तिला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आला. तो आता बस चालवतो. आवाज अजून तसाच, लायब्ररीत सलाम केला तर पुस्तक वाचणारी माणसं दचकली.

तिनं घर धक्क्याशेजारी ठेवलं. तिचं तिथंच होतं. साक्षीदार कोण, म्हणून पेइशाननं विचारलं. मी लगेच हात वर केला. खरं ते खरं. पाक सरिप दुसरा. झालं.

मग मी माझं घर काढलं आणि चालत गेले शेपटाकडं, तिवरांच्या अलीकडं, जिथं तीनच घरं होती. ठेवलं.

मागून आवाज. "सरिप, त्या बाईला सांग, तिचं घर तिथं नाही."

मी म्हटलं, "सरिप, त्या बाईला विचार, मग कुठं आहे?"

"माझ्या शेजारी. माझ्या खिडकीसमोर तिची खिडकी."

"ते सहासष्टपर्यंत. मग हललं. अख्ख्या बेटानं उचलून नेलं, तिच्या नवऱ्यानंसुद्धा एक बांबू धरला होता. विचार तिला, आठवत नाही का?"

"मला काही आठवत नाही," जुरिया म्हणाली. "मी काही बघितलं नाही. माझी खिडकी बंद होती."

पाक सरिप मधे उभा, आधी इकडं बघतो, मग तिकडं. "माझ्या अंगठ्याचं नख गेलं होतं त्या दिवशी," एवढंच म्हणाला.

पेइशानला काही कळेना. घर कसं हलेल? तिला सांगावं लागलं. आमची घरं लाकडाची, खांबांवर उभी. कोणाला जागा बदलायची असली की खालून लांब बांबू बांधायचे, चाळीस माणसं खांदा लावतात, आणि घर चालायला लागतं. आत चुलीवरचं भांडंसुद्धा तसंच राहतं. घरवाल्या बाईनं त्यांना मुगाची खीर करून घालायची, नारळाच्या दुधातली. बस्स. यात काय नवल?

"पण का हलवलं?" पेइशान म्हणाली.

जुरियाच्या कोंबड्यांमुळं. माझ्या सुकत घातलेल्या जवळ्यात यायच्या. हेच सांगितलं. तेच खरं आहे. तिचं पोरही रात्रभर रडायचं, मधे एक फळी तर होती. माझं बाळ त्या वर्षी राहिलं नाही. पण भांडण कोंबड्यांवरून झालं.

२० मार्च, मंगळवार

माझ्या घराला एक साक्ष, पाक सरिपची. तो शेपटाकडं सापळे लावायला यायचा. दुसरी मिळत नाही. तिकडच्या इतर दोन घरांतली मोठी माणसं गेली, पोरं तेव्हा अंगावर पिणारी. बाकीचे डोक्याकडचे, ते शेपटाकडं कशाला येतील? सगळ्यांना आठवतं ते जुरियाच्या शेजारचं घर. उचललेलं आठवतं, कुठं ठेवलं ते कोणी बघितलं नाही. खांदा देणाऱ्यांतला आता एकटा पाक सरिप उरलाय, बाकीचे तेव्हा पोरं, अर्ध्या वाटेवरून हाकलून दिलेली.

पेइशान म्हणाली, "माक, तुमच्यापुरता नियम सोडू. तुम्हीच तर हे सगळं उभं केलंत."

मी तिला झापलं. व्हरांडेवाल्याला मागं सरकवायचं आणि स्वतः एका साक्षीवर बसायचं? जागा कोरी राहिली तर राहिली. नकाशावर घर नसलं म्हणून मी राहिलेच नव्हते का तिथं?

हे तिला म्हटलं. इथं लिहिते की मला ते घर तिथं पाहिजे. पाहिजेच. नऊ वर्षं राहिले मी तिथं. नोरिता तिथं झाली.

जुरियाचं कळत नाही. तिचं काय जातं? मी शेजारी असल्याचा एवढा हट्ट कशाला? एरवी तर पन्नास वर्षांत दारात पाऊल टाकलं नाही.

२४ मार्च, शनिवार

तीस! तीस घरं!

बातामच्या बाईला नोरितानं फोनवर चित्रासकट बोलावलं. पेइशाननं फोन उलटा धरून तिला नकाशावरून फिरवलं. म्हातारी ओरडत होती, "डावीकडं! माझ्या डावीकडं, तुझ्या नव्हे! थांब, ती विहीर? विहिरीत पडशील!" पेइशान खरंच बाजूला झाली. सगळे डोळे पुसेपर्यंत हसले. तिच्या दोन साक्षींनी शेवटची दोन घरं लागली.

लोक आता रोजच येतात. कोणी जाळं आणलं, कोणी किसणी, कोणी शाळेची घंटा. घंटा कोणी चोरली होती ते त्रेचाळीस वर्षांनी कळलं. पेपरवालाही येऊन गेला. मला म्हणाला, आजी, भावना सांगा. म्हटलं, पाय दुखतात, ते लिही.

तीस. एक राहिलं.

२८ मार्च, बुधवार

पाक सरिप जुरियाकडं दोनदा जाऊन आला. पहिल्यांदा तिनं चहा दिला. दुसऱ्यांदा तोही नाही. "म्हणते, जे डोळ्यांनी बघितलं नाही त्याची साक्ष कशी देऊ? तुझाच नियम तुला लावते," म्हणाला.

बरोबर बोलली. म्हणूनच राग आला.

तो निरोप अजून संपला नव्हता. "आणि म्हणते, कोंबड्या दोनच होत्या."

दोन असोत नाहीतर वीस.

३० मार्च, शुक्रवार

घरं चिकटवली. माझं पिशवीत. भिंतीवर नावांची यादी लागली, शेवटी एक रांग मोकळी. पेइशान म्हणाली, राहू दे मोकळी, छान दिसते. बिलकूल छान दिसत नाही.

उद्यासाठी मुगाची खीर करायची आहे, शंभर माणसांची. मीच बोलून बसले. नोरितानं पातेली आणलीत. मूग भिजवले. आता झोपते.

३१ मार्च, शनिवार

सगळं लिहिते, नाहीतर उद्या वेगळंच आठवेल.

शंभर नाही, दोनशे आली. आणि कोणी न सांगता सगळ्यांनी चपला लायब्ररीच्या दाराबाहेर काढल्या. घरात शिरताना काढतात तशा. चपलांचा डोंगर. मोठे पाहुणे आले, त्यांनी तो डोंगर बघितला, स्वतःच्या बुटांकडं बघितलं, आणि मुकाट काढले. डाव्या मोज्याला भोक होतं. तिथंच त्यांचं भाषण निम्मं झालं, बरं झालं.

फीत कापली. माणसं बेटावर शिरली, भिंतीला धरून नव्हे, वाटांवरून! कागदावर वाटा काढलेल्यासुद्धा नव्हत्या. विहिरीला वळसा घालून जात होती. मी अशी भराभर त्यांच्यामागं निघाले की नोरिता म्हणाली, "आई, बस जरा." मी म्हटलं, तू बस.

जुरिया आपल्या घरापाशी आली. हामदाननं खुर्ची थांबवली. ती शेजारच्या मोकळ्या जागेकडं बघत राहिली. मग मोठ्यानं म्हणाली, "इथलं घर कुठाय?"

"एकच साक्ष आहे, माक जुरिया," पेइशान घाईघाईनं म्हणाली. "शेपटाकडची."

"मी शेपटाचं विचारत नाहीये. घर कुठाय?"

मी पिशवीतून काढलं. बावन्न वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याकडं बघून बोलली. "दे इकडं."

दिलं. तिनं वाकून ते स्वतःच्या घराशेजारी ठेवलं, खिडकीला खिडकी लावून. एक बोट सरकवून नीट केलं. म्हणाली, "असं होतं. आता उचला."

कोणाला काही कळेना. पाक सरिपला कळलं. म्हाताऱ्यानं भिंतीपाशी जाऊन फलक टांगलेले दोन बांबू सरळ काढले. फलक पाहुण्यांच्या पायाशी पडला. पेइशान "पाक! पाक!" करत राहिली. बांबू खाली आडवे ठेवले, त्यावर मुठीएवढं घर, आणि हां हां म्हणता सोळा-सतरा माणसं दोन्हीकडं लागली. काठी टेकणारेसुद्धा. घराचं वजन एका पेरूएवढं, पण माना अशा वाकवल्या की जणू छत डोक्यावर आलंय.

"आवाज कोण देणार?" पाक सरिपनं विचारलं.

"हा देईल," जुरियानं हामदानला पुढं ढकललं. "याचा आवाज हिला चांगला माहीत आहे."

हामदान ओरडला, "एक! दोन! उचल!" काचा हलल्या. लायब्ररीत पहिल्यांदाच कोणी कोणाला गप्प बस म्हटलं नाही. घर उठलं. चाललं. शाळा, नमाजाची जागा, विहीर. "डावा खांदा खाली!" "पाय बघ, माझा पाय आहे तो!" "तू तेव्हाही असाच ढिला होतास!" जुरिया खुर्चीतून सगळ्यांच्या मागं. हामदान आवाज देत होता म्हणून खुर्ची मीच ढकलत होते. दुसरं कोण होतं तिथं?

शेपटाशी घर उतरवलं. पाक सरिपनं ते बांबूवरून काढून खाली ठेवलं, दार तिवरांकडं.

"उलटं ठेवलंस, म्हाताऱ्या," जुरिया म्हणाली. "दार इकडं होतं. धक्क्याच्या बाजूला."

बरोबर होतं. दार इकडंच होतं.

पाक सरिप वाकलेलाच. "तुला काय माहीत? तू कधी आलीस इकडं?"



"दोनदा आले होते," ती म्हणाली. माझ्याकडं नाही, घराकडं बघत. "पहिल्या महिन्यात. टोपलीत उकडलेली रताळी होती. हा कडेवर. दोन्ही वेळेला पायऱ्यांपर्यंत आले, आणि हा रडायला लागला. मग फिरले मागं."

"पोर रडलं म्हणून परत गेलीस?" मी म्हटलं. "माझ्या दारातून? सगळ्यांचीच पोरं रडतात!"

पाक सरिप उगाच नाक शिंकरत होता.

पेइशान हळूच म्हणाली, "माक, ही साक्ष धरायची का?"

"डोळ्यांनी बघितलंय ना? मग धर," मी म्हटलं. "दोन झाल्या." टाळ्या अशा वाजल्या की पाहुणेही वाजवायला लागले.

पेइशान भिंतीकडं गेली, पेन काढलं, मोकळ्या रांगेपाशी उभी राहिली. घरात कोण कोण होतं, म्हणाली. मी सांगितलं. आमचे हे, मी, नोरिता. तीन.

"चार," जुरिया म्हणाली.

"शेवटच्या वर्षी तीनच," मी म्हटलं. "नियम आहे."

"नियम तुझ्या घरी. मी बघितलंय त्याला. मी साक्ष."

"मी दुसरा," पाक सरिप म्हणाला.

नोरिता माझ्याकडं बघायला लागली. तिला कधी सांगितलंच नव्हतं. बघू दे. पेइशान पेन धरून थांबली होती, दोनशे माणसं थांबली होती, आणि तिकडं खीर खाली लागायची वेळ झाली होती. उशीर कशाला करायचा?

"सुहैमी," मी म्हटलं. "दोन महिन्यांचा. अक्षर मोठं काढ, लांबून वाचता यायला पाहिजे."